रविवारचं चित्र, गुरुवारचं मतदान: पूर्व लंडनच्या एका पायी फेरीविषयी

1936 मध्ये फॅसिस्टांचा मोर्चा अडवल्याचं केबल स्ट्रीटचं भित्तिचित्र तेवढं बघायचं असेल, तर या फेरीवर 12 पौंड घालवू नका. चित्र भर रस्त्यात आहे, केव्हाही फुकट बघता येतं. शॅडवेल स्टेशनातून बाहेर पडलं की दोन-चार मिनिटांत समोर येतं. पण या साडेतीन तासांतल्या शेवटच्या तासासाठी मी दुप्पट पैसेही दिले असते, आणि त्या तासाविषयी मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी पूर्व लंडनमधल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, चार वर्षं झाली. युनियनची सभासद पहिल्या महिन्यापासून आहे, पण वर्गणी पगारातून कापली जाते यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नव्हता. ऑगस्ट 2024 मध्ये साउथपोर्टमधल्या लहान मुलींच्या हत्यांनंतर ठिकठिकाणी स्थलांतरितांविरुद्ध दंगे उसळले. संडरलंडमध्ये कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसवर दगडफेक झाली. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात सगळ्याजणींनी युनिफॉर्म पिशवीत घालून आणायचा आणि इथे आल्यावर बदलायचा असं ठरवलं. रात्रपाळी संपल्यावर आम्ही एकेकटीने बसस्टॉपवर जात नव्हतो. आमच्या युनियनच्या प्रतिनिधीने तेव्हा कँटीनच्या फलकावर दोन कागद लावले. एकावर घाबरू नका, एकत्र निघा, हा फोन नंबर, असा मजकूर होता. दुसऱ्यावर या फेरीची माहिती होती. पहिल्या कागदाचा उपयोग लगेच झाला. दुसरा मी वर्षभर नुसता बघत होते.

फेरीला धड नावही नाही. कागदावर एवढंच होतं: पूर्व लंडनमधले कामगार आणि निवडणुका, पायी, महिन्याच्या एका शनिवारी सकाळी दहाला. निवृत्त युनियन कार्यकर्त्यांचा एक छोटा गट ती चालवतो. कुठल्याही युनियनचं कार्ड दाखवलं तर 8 पौंड, काम नसेल तर पैसे नाहीत. आम्ही चौदाजण होतो. सांगणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, अंगावर पावसाळी जाकीट, हातात कापडी पिशवी. बाप गोदीत, आजोबा गोदीत, आणि गोदी बंद होईपर्यंत हेही गोदीतच. वेस्ट इंडिया डॉक्स 1980 मध्ये बंद झाली, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, दुरुस्ती खात्यात काम केलं. बोलताना प्रत्येकीला 'लव्ह' म्हणायचे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायला लागले होते, तेव्हा इथेही काकाच लिहिते.

सुरुवात होते व्हाइटचॅपलच्या आल्ताब अली पार्कात. रस्त्यालगतचं साधं हिरवळीचं मैदान, एका कोपऱ्यात ढाक्याच्या शहीद मिनारची छोटी प्रतिकृती. मी या मैदानासमोरून बसने शेकडो वेळा गेलेय आणि नाव कुणाचं आहे हे मला माहीत नव्हतं. आल्ताब अली पंचविशीतला बांगलादेशी तरुण, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. 4 मे 1978 च्या संध्याकाळी काम संपवून घरी जाताना तीन पोरांनी त्याला इथेच, रस्त्याकडेला, भोसकून मारलं. काकांनी पुढचं वाक्य जरा थांबून सांगितलं: त्या दिवशी गुरुवार होता आणि लंडनमध्ये स्थानिक निवडणुकांचं मतदान होतं. नॅशनल फ्रंट या स्थलांतरितांविरोधी पक्षाचे उमेदवार उभे होते. दहा दिवसांनी, 14 मे रोजी, जवळपास 7,000 माणसं त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. या भागातल्या बंगाली तरुणांचं राजकारण त्या दिवसापासून बदललं, असं इथले लोक सांगतात.

इथून गार्डिनर्स कॉर्नर, म्हणजे ॲल्डगेट ईस्टचा तो मोठा चौक. 4 ऑक्टोबर 1936 ला, रविवारी, ओसवल्ड मोस्ले काळे शर्ट घातलेल्या आपल्या फॅसिस्टांना घेऊन या ज्यू वस्तीतून मोर्चा काढणार होता. मोर्चावर बंदी घाला असं सांगणाऱ्या अर्जावर थोड्या दिवसांत एक लाख सह्या जमल्या, गृहमंत्र्यांनी तो नाकारला. मग माणसंच रस्त्यात उभी राहिली. एका ट्राम ड्रायव्हरने भर चौकात गाडी थांबवली, खाली उतरला आणि निघून गेला. वाहतूक खुंटली, पोलिसांना मोर्चासाठी वाट काढता येईना, आणि सगळा रेटा केबल स्ट्रीटकडे वळला. तिथे लोकांनी रस्ता अडवून पोलिसांशी झुंज दिली आणि मोर्चा रद्द झाला.

इथे काकांनी मागची एक गोष्ट जोडली आणि माझ्या दृष्टीने फेरीतली ती पहिली मोलाची गोष्ट. केबल स्ट्रीटवर ज्यूंच्या जोडीला आयरिश गोदी कामगार का आले? 1912 मध्ये गोदीचा लांबलेला संप चालू असताना कामगारांची पोरं उपाशी होती. तेव्हा ईस्ट एंडच्या ज्यू शिंप्यांनी, जे स्वतः नुकतेच संपातून बाहेर आले होते, 300 हून अधिक मुलं आपल्या घरी ठेवून घेतली, खाऊपिऊ घातलं. ती मुलं 1936 मध्ये तिशीतली होती. काका म्हणाले, "माझ्या आजोबांची धाकटी बहीण त्यांतली एक. कुठल्या घरात राहिली ते तिला आठवत नव्हतं. तिथे पांघरूण जाड होतं, एवढं आठवायचं."

भित्तिचित्रापाशी मात्र फेरी अडकली. सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या भिंतीवरचं हे चित्र 1983 मध्ये पुरं झालं, मध्ये त्याच्यावर रंग फेकण्याचे प्रकारही झाले. घोडे, लाठ्या, उलटवलेली लॉरी, खिडकीतून खाली भांडी रिकामी करणाऱ्या बायका, सगळं भोवऱ्यासारखं गरगरतंय. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण आम्ही तिथे चाळीस मिनिटं उभे होतो. शाळकरी मुलांचा एक गट शेजारी आला, गाड्या जात होत्या, काकांना माइक नाही, आणि मागच्या चार-पाच जणांना काही ऐकू येईना. लढाई प्रत्यक्षात इथे नाही तर याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला झाली, तिथे डॉक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक लाल पाटी आहे, ही माहितीही मला शेजारणीकडून ऐकावी लागली. आणखी एक खटकलं. बायका फक्त खिडकीतून भांडी ओतताना दिसतात. चित्रात दिसल्या तर समजू शकते, पण काकांच्या सांगण्यातही तेवढ्याच दिसल्या. मी तसं म्हटलं. तेव्हा त्यांनी 1939 च्या स्टेपनीतल्या भाडेसंपाबद्दल सांगितलं: लँगडेल मॅन्शन्समध्ये दारं आतून अडवून बेलिफांना, म्हणजे घर रिकामं करायला येणाऱ्या कोर्टाच्या माणसांना, रोखणाऱ्या बायका. पण विचारलं म्हणून सांगितलं. हे न विचारता यायला हवं.

निघताना ते चित्राकडे पाठ करून म्हणाले, "हा रविवार आहे. मतदान गुरुवारी असतं." मला वाटलं, सवयीचं वाक्य असेल. पण पुढचे दोन तास त्याच वाक्याचा उलगडा होता.

केबल स्ट्रीटनंतर पाचच महिन्यांनी, 4 मार्च 1937 ला, लंडन काउंटी कौन्सिलची निवडणूक झाली. मोस्लेच्या पक्षाने पूर्व लंडनच्या तीन मतदारसंघांत उमेदवार दिले. बेथनल ग्रीन ईशान्यमध्ये त्यांना 23 टक्के मतं पडली, लाइमहाउसमध्ये 19, शोरडिचमध्ये 14. एकही जागा मिळाली नाही. पण ज्या रस्त्यांवर "पुढे जाऊ देणार नाही" अशा घोषणा झाल्या, त्यांच्या आसपासच दर चार-पाच मतांमागे एक मत त्यांना गेलं. आणि त्या काळी स्थानिक निवडणुकीत मत होतं ते घर चालवणाऱ्यांना. मोस्लेच्या माणसांमागे धावणाऱ्या बऱ्याच तरुण पोरांना तर मतच नव्हतं. हे आकडे ऐकून आमच्यातले दोघं-तिघं चित्राकडे परत वळून बघायला लागले.

मग कमी कशाने झालं? काकांनी फिल पिराटिनची गोष्ट सांगितली. स्टेपनीतला कम्युनिस्ट कार्यकर्ता, पुढे 1945 मध्ये माइल एंडचा खासदार झाला. 1937 मध्ये पॅरागॉन मॅन्शन्स नावाच्या चाळवजा इमारतीत दोन कुटुंबांना घरमालक बाहेर काढणार होता. दोन्ही कुटुंबं मोस्लेच्या पक्षाची. पक्षाने त्यांच्यासाठी बोट उचललं नाही. पिराटिन आणि शेजारी मदतीला गेले, दारं अडवली, बेलिफ आले तेव्हा वरून पीठ आणि पाणी ओतलं. घरं वाचली. त्या कुटुंबांनी पक्षाची कार्डं फाडून टाकली. त्याच वर्षी पिराटिन स्टेपनीच्या कौन्सिलवर निवडून गेला. मला ही गोष्ट भित्तिचित्राहून मोठी वाटली. त्यांच्या दारात उभं राहून "तुम्ही फॅसिस्ट आहात, भोगा" म्हणणं किती सोपं होतं.

शॅडवेलहून डीएलआर ही छोटी लोकल रेल्वे पकडून आम्ही आयल ऑफ डॉग्ज या जुन्या गोदीच्या भागाकडे निघालो. तिकीट आपलं आपण काढायचं, ऑयस्टर किंवा बँकेचं कार्ड चालतं. या गाडीला ड्रायव्हर नसतो, पुढच्या सीटवर बसलं की रूळ थेट आपल्यासमोर पळतात. तिथे बसून काकांनी रेल्वे ड्रायव्हरांच्या 'ॲस्लेफ' या युनियनची गोष्ट सांगितली. बीएनपी, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाकडून 2002 च्या स्थानिक निवडणुकीत उभ्या राहिलेल्या एका सभासदाला युनियनने काढून टाकलं. इथल्या कायद्याने ते चुकीचं ठरलं. युनियन युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेली आणि 2007 मध्ये जिंकली: कामगारांच्या संघटनेला आपले सभासद कोण असावेत हे ठरवण्याचा अधिकार आहे. आमच्यातला एक तरुण खूश होऊन म्हणाला, "हेच करायला पाहिजे सगळीकडे." काका म्हणाले, "करायचं तेव्हा करायचं. पण काढून टाकलेला माणूसही मत देतो."

आणि मग त्यांनी स्वतःच्या घरातलं सांगितलं. 20 एप्रिल 1968 ला कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, दुसऱ्या दिवशी पक्षाच्या नेत्याने त्याला छाया मंत्रिमंडळातून काढलं, आणि 23 एप्रिलला सुमारे हजार गोदी कामगार काम टाकून पॉवेलच्या बाजूने वेस्टमिन्स्टरवर गेले. युनियनचेच सभासद. "माझा बाप त्यात होता. मी सतरा वर्षांचा होतो. तो घरी आला, बूट काढले, आणि आईने त्याच्याशी चार दिवस बोलणं टाकलं. तोच बाप संपात सगळ्यांत शेवटी कामावर परतणाऱ्यांतला." गाडीत कुणी काही बोललं नाही. कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती दोन्ही बाजूंनी सरकत होत्या. कामगार चळवळीची फेरी म्हटल्यावर मला वाटलं होतं, आपली माणसं शूर आणि समोरची वाईट, असं काहीतरी ऐकायला मिळेल. काकांनी बापाला वाचवलं नाही आणि बापाला टाकलंही नाही. या एका प्रसंगासाठी मी या फेरीवर विश्वास ठेवला.

क्रॉसहार्बरला उतरून आम्ही कौन्सिलच्या जुन्या इमारतींमधून दक्षिणेला चालत गेलो. विटांचे चार मजले, बाहेरून सलग गॅलरी, प्रत्येक जिन्यावर आठ-दहा दारं. 16 सप्टेंबर 1993, पुन्हा गुरुवार. मिलवॉल वॉर्डात पोटनिवडणूक. बीएनपीचा डेरेक बीकन 1,480 मतं घेऊन टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलवर निवडून आला. लेबरच्या उमेदवाराला 1,473. फरक सात मतांचा.

घरांचा तुटवडा हे त्यामागचं मोठं कारण होतं. गोदी गेली, काम गेलं, शेजारी कॅनरी व्हार्फचा मनोरा उभा राहिला, आणि मुलांना लग्न झाल्यावरही आईबापांच्या खोलीत राहावं लागत होतं. घर बंगाल्यांना मिळतं म्हणून तुम्हाला मिळत नाही, हे सांगणारा माणूस दारावर येत होता. दुसरं काही सांगणारं कुणी दारावर येत नव्हतं, निदान पुरेसं येत नव्हतं.

एका इमारतीसमोर काका थांबले. नेमकी कुठली ते मी लिहीत नाही, तिथे लोक राहतात. ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासून मी इथे दारं ठोठावत होतो. साडेसातला पाय भरून आले. हा एक जिना उरला होता. म्हटलं, अंधार पडलाय, जेवायच्या वेळेला कुणी दार उघडणार नाही. घरी गेलो." मग बोटाने मोजल्यासारखं करत: "दहा दारं. सात मतं."

त्यांचा जिना झाला असता तर निकाल बदलला असता असा त्यांचा दावा नाही, आणि मीही तो करत नाही. पण ही फेरी ते महिन्यातून एकदा का काढतात, याचं उत्तर मला त्या जिन्यापाशी मिळालं.

पुढच्या मे महिन्यात संपूर्ण कौन्सिलची निवडणूक होती. मार्च 1994 मध्ये टीयूसीने, म्हणजे युनियनांच्या देशव्यापी महासंघाने, ईस्ट एंडमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध मोठा मोर्चा काढला. काका त्यात होते. पण ते मोर्चावर दोन मिनिटं बोलले आणि दारांवर वीस मिनिटं. दर शनिवार-रविवार जोडीने फिरायचं. पहिल्या फेरीत कुणाला मत द्या हे सांगायचंच नाही, नळ गळतोय का, लिफ्ट चालते का हे लिहून घ्यायचं. दुसऱ्या फेरीत त्या नळाचं काय झालं ते सांगायला जायचं. नळ दुरुस्त झाला नसेल तरी जायचं. मे 1994 मध्ये बीकन हरला. त्याची मतं कमी झाली नव्हती, हे मला आधी खरं वाटेना. ती वाढून दोन हजारांच्या वर गेली होती. हरला तो बाकीची माणसं घराबाहेर पडली म्हणून. आमच्या गटात एक निवृत्त बंगाली शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईला एकटीने मतदान केंद्रावर जायची भीती वाटायची. त्या दिवशी दोन अनोळखी बायका घरी आल्या, आईला मध्ये घेऊन चालत गेल्या आणि परत सोडून गेल्या. चहाला थांबल्या नाहीत, कारण पुढची दारं बाकी होती. त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकांनी टोपी काढली. त्यांना हे आधी माहीत नव्हतं.

शेवटचा टप्पा आयलंड गार्डन्स. समोर थेम्स, पलीकडे ग्रीनिच. इथे बाकांवर बसून बार्किंग आणि डॅगनमची गोष्ट: फोर्डच्या कारखान्यात मोटारी बनणं 2002 मध्ये थांबलं, 2006 मध्ये बीएनपीचे 12 नगरसेवक निवडून आले, आणि 6 मे 2010 ला, तोही गुरुवारच, बाराच्या बारा जागा गेल्या, 51 पैकी 51 लेबरकडे. पक्षाचा प्रमुख निक ग्रिफिन बार्किंगमधून खासदारकीला उभा होता, तो तिसरा आला. 'होप नॉट हेट' या वर्णद्वेषविरोधी संघटनेच्या मोहिमेत युनियनांची माणसं लंडनभरातून तिथे येत होती. हा भाग घाईत उरकला. चित्रापाशी जास्तीची गेलेली वीस मिनिटं इथे हवी होती.

आणि मग तो शेवटचा तास. काकांनी पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याची फाइल काढली. ती म्हणजे दार. जोड्या करायच्या, एकाने मतदार व्हायचं, दुसऱ्याने ठोठावायचं. माझ्या वाट्याला मतदार म्हणून खुद्द काकाच आले.

मी सुरुवात केली: मी युनियनकडून आलेय, तुमच्या वॉर्डात जे उमेदवार उभे आहेत ते स्थलांतरितांबद्दल खोटं पसरवतात, खरे आकडे असे आहेत. फाइल मिटली. कुणीतरी घड्याळ लावलं होतं: 19 सेकंद. काका म्हणाले, "तू मला शिकवायला आलीस. मी शाळा पंधराव्या वर्षी सोडली ती पुन्हा दारात शाळा भरावी म्हणून नाही."

दुसऱ्यांदा मी विचारलं, इथे किती वर्षं राहता? मग ते बोलत सुटले. मुलगी एकतीस वर्षांची, दोन पोरं घेऊन आईबापाच्या एका खोलीत, कौन्सिलच्या घरांच्या यादीत नाव आहे पण नंबर लागत नाही, आणि समोरचा फ्लॅट बाहेरून आलेल्यांना दिला. त्या शेवटच्या वाक्यावर उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी स्वतः बाहेरून आलेली आहे, एका खोलीचं भाडं किती भरते ते मला माहीत आहे. मी ते गिळलं आणि विचारलं, मुलीचं नाव काय? मग वाटलं, हे तर मला येतं. वॉर्डात पेशंट दाखल होतो तेव्हा आपण आधी त्याला त्याचा रिपोर्ट वाचून दाखवत नाही. कधीपासून दुखतंय, रात्री झोप लागते का, घरी कोण आहे, हे विचारतो. चिडलेल्या माणसाशी मी रोज बोलते. दारावर तेच करायचं आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तरीही माझा एक प्रश्न उरला आणि तो मी विचारला. माझ्या तोंडावर कुणी माझ्या रंगावरून बोललं, तर तेही ऐकून घ्यायचं? काका लगेच म्हणाले, "नाही. धन्यवाद म्हण, फाटक लाव, चालू लाग. कायम दोघांनी जायचं. आणि एखाद्या दारावर तुला जायचंच नसेल तर नको जाऊस, युनियनमधल्या कुणालाही तुला ढकलायचा हक्क नाही." उत्तर चांगलं आहे. पुरेसं आहे असं मला वाटत नाही. गोऱ्या कार्यकर्त्याला दारावर जो संयम लागतो आणि मला जो लागेल, तो एक नाही. शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. या सरावात आमच्यासारख्यांसाठी वेगळा वेळ ठेवा, असं मी त्यांना कळवलंय.

बारीकसारीक गोष्टी मात्र फार कामाच्या शिकवतात. हिरवळ तुडवून शेजारच्या दाराला जायचं नाही. फाटक जसं होतं तसं लावायचं. पत्रपेटीत बोटं घालायची नाहीत, आत कुत्रा असतो, म्हणून पत्रक लाकडी उलथन्याने आत सरकवायचं. काकांच्या उलथन्यावर खरोखर दातांच्या खुणा आहेत. पत्रकावर ते कुणी छापलं आणि कुणासाठी, हे लिहिलेलं असलंच पाहिजे, नसेल तर वाटायचं नाही. मतदानाच्या दिवशी वाद घालायचा नाही, फक्त आठवण करायची: केंद्र रात्री दहापर्यंत उघडं आहे, आणि फोटो असलेलं ओळखपत्र न्या. 2023 पासून इंग्लंडमध्ये ते सक्तीचं झालंय. म्हाताऱ्या माणसांचा बसपास चालतो हे बऱ्याचजणांना ठाऊक नसतं.

आणि इथल्या मराठी वाचकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर व्हिसा घेऊन राहत असाल, तर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तुम्हाला मत देता येतं. कौन्सिलच्या निवडणुकीतही आणि संसदेच्याही. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. मी चार वर्षं इथे राहून हे मला त्या बाकावर कळलं. माझ्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना अजूनही माहीत नाही.

आता तक्रारी एकत्र सांगते. माइक घ्या. चित्रापाशी वेळ कमी करा. आजच्या पक्षांबद्दल विचारलं की काका "ते तुम्ही ठरवा" म्हणून विषय संपवतात. त्यांचं कारण मला समजतं, पण 2010 वर गोष्ट थांबली की ऐकणाऱ्याला वाटतं प्रश्न मिटला, आणि माझी युनिफॉर्मची पिशवी 2024 मधली आहे. अंतर किती, पायऱ्या कुठे, हे आधी कळवत नाहीत. आमच्यातल्या एका बाईंचा गुडघा दुखत होता, त्या क्रॉसहार्बरपासून पुढे कशाबशा आल्या. स्वच्छतागृहाचं विचारून ठेवा, मधले दोन तास मला कुठे दिसलं नाही. नोंदणीचा ईमेल आदल्या रात्री साडेअकराला आला, पाळी बदलून घेणाऱ्यांना तो फार उशिरा. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, पार्कातली पहिलीच गोष्ट जड आहे. पाचपैकी चार.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मतदार नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म भरला. राष्ट्रीयत्व विचारतात तिथे भारतीय लिहिलं, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर टाकला, पाच मिनिटं लागली. तीन आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं, यादीत नाव आहे म्हणून. ते मी कँटीनच्या फलकावर, फेरीच्या कागदाशेजारी, पत्ता झाकून लावलंय. पुढच्या फेरीला वॉर्डातल्या आम्ही चौघी जातोय, शुक्रवारची रात्रपाळी बदलून मिळाली तर.